पुष्पिका नसलेली पोथी

मराठी विभागाच्या अभ्यासक्रमाची फेररचना चालू असताना मी एका बैठकीत सुचवले, की पाठचिकित्सेच्या पत्रिकेतला एक तास बिनतारी राउटरच्या फर्मवेअरला द्यावा. हशा पिकला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मग पंखा दुरुस्त करणेही पाठचिकित्सेतच घालू." हशा ओसरला तसा विषयही ओसरला आणि इतिवृत्तात त्याची साधी नोंदसुद्धा झाली नाही. हा लेख त्या न झालेल्या नोंदीसाठी आहे.

माझे म्हणणे असे. आपल्या घरात, ग्रंथालयात, विभागात भिंतीवर टांगलेल्या त्या दोन-तीन शिंगांच्या डबीत एक संहिता आहे. ती संहिता आपल्या नकळत बदलली जाते. कोणी बदलली, काय बदलले, का बदलले, याची विश्वासार्ह नोंद बहुधा आपल्याला दिली जात नाही. या संहितेवर आपण जे थोडेफार लिहितो तेही पुसले जाऊ शकते. संहितेच्या बदलांचा हिशेब ठेवणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या आपण साहित्याच्या लोकांनी या प्रकाराकडे 'तांत्रिक बाब' म्हणून पाठ फिरवावी, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

१

आधी हकीकत सांगतो. आमच्या ग्रंथालयात एक जुना संगणक आहे. जुन्या नियतकालिकांच्या आणि काही हस्तलिखितांच्या छायाप्रती त्याच्यावर आहेत. त्या बाहेर उपलब्ध नाहीत. वाचनकक्षात बसून बिनतारी जाळ्यावरूनच पाहता येतात. त्यासाठी राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला होता, पाहुण्यांचे जाळे वेगळे केले होते आणि आणखी दहाबारा बारीकसारीक गोष्टी नेमून दिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये एका रात्री त्या राउटरने स्वतःला अद्ययावत करून घेतले. सकाळी पाहतो तो जाळ्याचे नाव कारखान्यातले, परवलीचा शब्द डबीच्या पोटावर चिकटवलेला, आणि आमचे नेमून दिलेले सारे नाहीसे. प्रबंध सादर करण्याचा आठवडा होता. दोन विद्यार्थिनी परगावाहून केवळ त्या छायाप्रतींसाठी येऊन राहिल्या होत्या.

आमच्याकडे सेटिंगची राखून ठेवलेली प्रत, म्हणजे बॅकअप होता. यंत्राने तो नाकारला. ती फाइल जुन्या आवृत्तीतून काढलेली होती आणि नव्या आवृत्तीला ती मान्य नव्हती. निदान आत काय आहे ते वाचून हाताने भरू, म्हणून फाइल उघडली, तर नुसती अक्षरांची खिचडी. आम्हीच भरलेली माहिती आम्हालाच वाचता येत नव्हती. कंपनीच्या पानावर या बदलाविषयी तीन ओळी होत्या: सुरक्षाविषयक सुधारणा, कार्यक्षमतेत वाढ, किरकोळ दुरुस्त्या.

वेळ निभावली ती ग्रंथालयातल्या परिचरांमुळे. सारे महाविद्यालय त्यांना मामा म्हणते. ते दारात उभे राहून म्हणाले, "सर, वही आणू का?" लाल कापडी पुठ्ठ्याची वही. पूर्वी राउटर बसवून गेलेल्या मुलाजवळ उभे राहून मामांनी प्रत्येक सेटिंग लिहून घेतले होते आणि पुढचा प्रत्येक बदल तारखेसह नोंदवला होता. त्यातली एक नोंद मी तेव्हाच उतरवून घेतली: "चॅनल ११ होता, तो १ केला. वरच्या मजल्यावर परीक्षा विभागाने नवीन मशीन ११ वर लावले आहे." दोन तासांत जाळे पूर्ववत झाले.

ही नोंद पाहा. आधीचा पाठ काय, नवा पाठ काय आणि बदलाचे कारण काय, हे तिन्ही तीत आहे. तारीख समासात होती. चिकित्सक संपादकाकडून आपण याहून अधिक काय मागतो?

२

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या स्मृतीत कोरलेली आज्ञावली. यंत्र सुरू होताच ती जागी होते आणि ध्वनिलहरींप्रमाणेच अदृश्य अशा रेडिओलहरींवर कोणी कधी बोलायचे, कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारात अडवायचे, हे ठरवते. कॉन्फिगरेशन फाइल ही तिच्याहून वेगळी. फर्मवेअर निर्मात्याचे लेखन, कॉन्फिगरेशन वापरणाऱ्याचे. जाळ्याचे नाव, परवलीचा शब्द, चॅनल, राखीव पत्ते हे सारे आपण लिहितो. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला मूळ ग्रंथ आणि दुसरी त्यावरची आपली टीप.

आता ज्ञानेश्वरीकडे येतो. आणि ते अलंकारासाठी नव्हे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकलाकारांच्या हातून फिरताना तिच्यात अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ती शुद्ध केली. केवळ शुद्ध करून ते थांबले नाहीत. शेवटी आपले नाव, शक, संवत्सर आणि शुद्धीकरणाचे कारण त्यांनी ओवीबद्ध नोंदवून ठेवले, आणि पुढे कोणी मधे भर घालू नये असेही बजावले. नाथांच्या या हस्तक्षेपाविषयी वाद घालता येतो, आणि तो घातला गेलेला आहे. वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो चालूच आहे. पण 'एकनाथपूर्व' हा शब्द आपल्याला उच्चारता येतो तो कशाच्या बळावर? नाथांनी तारीख टाकली म्हणून. बदल करणाऱ्याने बदलाची कबुली दिली म्हणून. नोंद असली की वाद शक्य होतो. नोंद नसली की उरतो तो केवळ संशय, किंवा त्याहून वाईट म्हणजे आंधळा विश्वास.

पैठणच्या संपादकाने सोळाव्या शतकात जे सौजन्य दाखवले, ते एकविसाव्या शतकातल्या यंत्रनिर्मात्यांकडून का मागू नये? 'किरकोळ दुरुस्त्या' ही पुष्पिका नव्हे. ती पुष्पिका नसल्याची झाकपाक आहे. एखाद्या प्रकाशकाने नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत 'कादंबरीत किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत' एवढेच लिहिले आणि दोन प्रकरणे गाळली, तर आपण लेखणी उपसून धावू. इथे मात्र आपण 'ठीक आहे' या चौकोनावर बोट ठेवतो.

३

ही लढाई काल्पनिक नाही. तिचा लेखी इतिहास आहे आणि त्याचा नायक एक स्वस्त राउटर आहे.

लिंकसिस या कंपनीने २००२ च्या अखेरीस 'डब्ल्यूआरटी५४जी' नावाचा बिनतारी राउटर बाजारात आणला. २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जिज्ञासूंच्या लक्षात आले, की या डबीच्या आत लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएल, सांगतो की ही आज्ञावली वापरा, बदला, विका. परंतु ज्याला ती वाटाल त्याला तिची मूळ संहिताही मिळाली पाहिजे. कंपनीने ती दिली नव्हती. ओरड झाली, आणि २००३ मध्येच कंपनीला संहिता प्रसिद्ध करावी लागली. त्या संहितेच्या आधारावर २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालतो. एका बंद पोथीची दोरी सुटली आणि तिच्यातून एक संप्रदाय निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

कंपनीचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. २००५ मध्ये त्याच नावाच्या राउटरची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली होती आणि स्मृती निम्म्यावर आणलेली होती. वरून डबी तीच, नाव तेच. आतला ग्रंथ वेगळा. ज्यांना लिनक्स हवे त्यांच्यासाठी नावापुढे एक 'एल' जोडून जुन्या घडणीचे वेगळे प्रारूप विकायला ठेवले. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने परवानाभंगाबद्दल सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. त्याआधीच, २००४ मध्ये, म्यूनिकच्या न्यायालयाने सिटकॉम या कंपनीच्या प्रकरणात हा परवाना न्यायालयात टिकतो हे दाखवून दिले होते. तेथेही वाद बिनतारी राउटरचाच होता.

या साऱ्या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की वाद किमतीचा नव्हता. वाद वाचण्याच्या हक्काचा होता. ज्या वाक्यांवर माझे यंत्र चालते ती वाक्ये मला पाहता यावीत, एवढीच मागणी होती. साहित्याच्या वाचकाला याहून जवळची मागणी कोणती?

४

आता प्रतिपक्ष. तो लेचापेचा नाही, म्हणून त्याला पूर्ण वाव देतो.

पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसाने या भानगडीत पडू नये. कंपनीने गुपचूप अद्ययावत करावे, तेच सुरक्षित. यात तथ्य आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने कारखान्यातले परवलीचे शब्द न बदललेली लक्षावधी यंत्रे वेठीला धरली. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम तशाच कारणाने बंद पडले. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' उघडकीस आला, तेव्हा चोपन्न देशांतली किमान पाच लाख यंत्रे बाधित असल्याचा अंदाज होता आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याची विनंती केली होती. जुने फर्मवेअर तसेच ठेवणे म्हणजे पाठनिष्ठा नव्हे. तो आळस आहे, आणि त्याची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते. तेव्हा अद्ययावत करण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध 'गुपचूप'ला आहे.

शिवाय दुरून हात घालण्याची सोय हीच स्वतः एक भोक असते. सेवा पुरवणाऱ्याला ग्राहकाच्या राउटरचे फर्मवेअर आणि सेटिंग दुरून बदलता यावे यासाठी 'टीआर-०६९' नावाची पद्धत २००४ पासून प्रचारात आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये या दाराच्या दिशेने झालेल्या हल्ल्यात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या मागच्या दारातून चोरही आत येऊ पाहतात, हे गावात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राउटर हे रेडिओयंत्र आहे. त्याच्या आज्ञावलीत ढवळाढवळ करून कोणी शक्ती वाढवली किंवा निषिद्ध लहरींवर प्रक्षेपण केले, तर हवामानाच्या रडारला अडथळा येतो. ही भीती खरी आहे. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे अडथळे अमेरिकेतल्या विमानतळांजवळ प्रत्यक्ष आढळले आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, जे नियम पुढे केले त्यांचा अर्थ 'बाहेरचे फर्मवेअर चालूच देऊ नका' असा लावला जाऊ लागला आणि त्याविरुद्ध मोठा गदारोळ झाला. पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक या कंपनीने शक्तीच्या मर्यादेचा भंग केल्याच्या प्रकरणात आयोगाशी तडजोड केली, दोन लाख डॉलर दंड मान्य केला, आणि त्याच तडजोडीत बाहेरचे फर्मवेअर सुरक्षितपणे चालू देण्याचे मार्ग शोधण्याचेही कबूल केले. म्हणजे खुद्द नियंत्रकालाच दिसले, की रेडिओची मर्यादा आणि वाचकाचा हक्क एकाच डबीत नांदू शकतात. ग्रंथाचे एक पान कुलूपबंद ठेवण्याची गरज असेल, तर तेवढे पान ठेवा. त्या निमित्ताने सबंध ग्रंथालयाला टाळे ठोकू नका.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींविरुद्ध आहे आणि तो मीच घेतो. खुले फर्मवेअर चढवा की मोक्ष मिळेल, असे सांगणारे भेटतात. चुकीच्या यंत्रावर चुकीची प्रत चढवली, किंवा चढवता चढवता वीज गेली, तर यंत्राची वीट होते. म्हणूनच तेथे प्रत चढवण्यापूर्वी तिची बेरीज ताडून पाहतात: फाइलमधल्या सगळ्या अक्षरांवरून काढलेला एक आकडा, प्रसिद्ध केलेल्या आकड्याशी जुळतो का ते पाहायचे. पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहिणाऱ्या नकलाकाराला ही युक्ती परकी वाटली नसती. आणि दोष तेथेही आहेत. ओपनडब्ल्यूआरटीच्या कॉन्फिगरेशन फाइली साध्या वाचनीय मजकुरात असतात, ही मोठीच गोष्ट. परंतु त्याच प्रणालीच्या आज्ञेने त्यांत बदल केला, की सबंध फाइल नव्याने लिहिली जाते आणि आपण हाताने लिहिलेल्या टिपा गळून पडतात. सेटिंग राहते, त्याचे कारण जाते. 'चॅनल १' राहतो, परीक्षा विभाग जातो. मामांची वही या प्रणालीपेक्षाही सरस ठरते ती इथे.

तरीही तिची एक रचना मला फार शिकवून गेली. तिच्या बहुतेक यंत्रांवर मूळ संहिता केवळ वाचता येईल अशा थरात ठेवतात आणि वापरणाऱ्याचे सारे बदल तिच्यावर पसरलेल्या दुसऱ्या थरात जातात. वरून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान दिसते. सारे बिघडले तर वरचा थर काढून टाकायचा; खाली मूळ जसेच्या तसे. आणि एखाद्या घटकाची नवी आवृत्ती आली आणि आपण त्याच्या फाइलीत बदल केलेला असला, तर आपला पाठ न पुसता नवा पाठ वेगळ्या नावाने शेजारी ठेवला जातो. निवड वाचकाने करायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, तिचे प्रत्येक पान याच शिस्तीचे आहे: वर स्वीकारलेला पाठ, रेषेखाली नाकारलेले पाठ, आणि काहीही गुपचूप टाकून दिलेले नाही. सुकथनकरांच्या परंपरेतल्या माणसाला हे यंत्र समजायला अडचण पडू नये. अडचण पडते ती आपल्या अहंकाराची.

५

कारण खरा वाद कंपन्यांशी जेवढा आहे तेवढाच आपल्याशी आहे. आपण विभागात 'संहितेचे राजकारण' शिकवतो, 'लेखकाचा मृत्यू' शिकवतो, सत्ता आणि ज्ञान यांच्या संबंधांवर निबंध लिहवून घेतो. आणि ज्या यंत्रातून ते निबंध ये-जा करतात त्याच्यावरचा मजकूर कोण लिहितो, हे विचारणे आपल्याला हलके वाटते. हे काम परिचराचे, मेकॅनिकचे, 'त्या नेटवर्कवाल्या मुलाचे'. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, अशी जी जुनी खोड आपल्या समाजात आहे, तिचेच हे विभागीय रूप. त्या आठवड्यात पाच पीएच.डी. धारक एका डबीभोवती हतबुद्ध उभे होते आणि पाठचिकित्सेची एकमेव शिस्तशीर वही परिचराकडे होती. त्या बैठकीतल्या हशाला माझे हेच उत्तर आहे.

मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक फर्मवेअरबरोबर बदलांची खरी यादी, तारखेसह. मागच्या आवृत्तीकडे परतण्याची वाट, किंवा ती बंद केली असेल तर त्याचे सांगितलेले कारण. सेटिंगची राखलेली प्रत माणसाला वाचता येईल अशा मजकुरात. परवलीचे शब्द हवे तर झाका. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील याचे विकतानाच दिलेले वचन. यांतली शेवटची मागणी स्वप्नाळू नाही: ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून ती कायद्याने बंधनकारक आहे आणि सर्वत्र सारखे असलेले कारखान्यातले परवलीचे शब्दही तेथे निषिद्ध आहेत. युरोपीय संघाने त्याच वर्षी केलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधने २०२७ च्या डिसेंबरपासून लागू व्हायची आहेत. महाविद्यालये, विद्यापीठे, ग्रंथालये ही यंत्रे सार्वजनिक पैशातून विकत घेतात. निविदेत या चार ओळी घालायला कोणाची आडकाठी आहे?

आणि विभागात एक वही. तीत यंत्राचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती, बदलाची तारीख, जुना पाठ, नवा पाठ, कारण आणि लिहिणाऱ्याची सही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ती चालवावी. पाठभेद म्हणजे काय हे त्याला मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

मामा गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल दिली, श्रीफळ दिले, भाषणे झाली. वहीबद्दल कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते ती माझ्या टेबलावर ठेवून गेले. शेवटच्या पानावर त्यांनी तारीख टाकली होती, आणि खाली लिहिले होते, "यापुढील बदल पुढच्याने लिहावेत."

पुष्पिका अशी असते.